उन्हातला आंबा तैलरंगात: दृक्‌प्रत्ययवादी पद्धतीने झाडाचे निसर्गचित्र

दृक्‌प्रत्ययवाद (इम्प्रेशनिझम, म्हणजे त्या क्षणीचा प्रकाश डोळ्यांना दिसतो तसा रंगवण्याची पद्धत) म्हटले की बहुतेकांना रंगाचे ठिपके आठवतात. मग शिकणारा कॅनव्हास घेतो, लहान ब्रशने हिरवे-पिवळे ठिपके मारत सुटतो आणि तासाभरात झाडाच्या जागी हिरवट खरूज उमटते. मोने, पिसारो, सिस्ले या त्या पद्धतीच्या चित्रकारांच्या चित्रांतले सुटे फटकारे हा कामाचा शेवटचा भाग आहे. त्याखाली एका ठरावीक वेळी, ठरावीक प्रकाशात आकाश, जमीन आणि झाड यांच्यातला उजेड-गडदपणाचा हिशेब पक्का बसवलेला असतो. या लेखात तो हिशेब आधी आणि फटकारे नंतर, अशा क्रमाने एक चित्र पूर्ण करू. विषय साधा घेतला आहे: शेताच्या बांधावरचा एकटा डेरेदार आंबा, डिसेंबरातली सकाळ, मागे निळसर डोंगररांग. माप १२ × १६ इंच, वेळ सुमारे दोन तास.

वेळ आणि जागा

डिसेंबरात पुण्याच्या आसपास सकाळी साडेआठला झाडाची सावली त्याच्या उंचीच्या तिप्पट लांब असते. दहा वाजता ती दीडपटीवर येते. दीड तासात सावली निम्मी होते, म्हणून बसल्याबरोबर ती कुठवर दाखवायची हे ठरवून टाका आणि नंतर खरी सावली कितीही सरकली तरी चित्रातली हलवू नका. सकाळभर सावलीचा पाठलाग केलेल्या चित्रात ऊन तीन दिशांनी आल्यासारखे वाटते, आणि पाहणाऱ्याला नेमके काय चुकले हेही सांगता येत नाही.

या वेळी सूर्य आग्नेयेला असतो. ईशान्येकडे तोंड करून बसलात तर ऊन उजवीकडून येते, झाडाची एक बाजू उजळ आणि एक गडद दिसते. शिकणाऱ्यासाठी हीच मांडणी सर्वात सोपी. सूर्य पाठीशी असला की झाड सपाट दिसते. सूर्य समोर असला तर दृश्य सुंदर, पण डोळे दिपतात आणि टोन, म्हणजे रंग किती उजळ किंवा गडद आहे ते, समजत नाहीत.

हे वेळेचे बंधन मोनेंनाही होते. १८९१ मध्ये फ्रान्समधल्या एप्त नदीकाठच्या पॉप्लर झाडांची मालिका रंगवताना ते अनेक कॅनव्हास सोबत ठेवत आणि प्रकाश बदलला की कॅनव्हास बदलत. त्यांच्या शेजारी राहिलेल्या चित्रकर्ती लिला कॅबट पेरी यांनी नोंदवले आहे की, त्यांतल्या एका चित्रातला प्रकाशाचा परिणाम जेमतेम सात मिनिटे टिकत असे. ती झाडे लिलावात निघाली तेव्हा चित्रे पूर्ण होईपर्यंत तोड थांबावी म्हणून मोनेंनी लाकूड व्यापाऱ्याला पैसे दिले होते. आपल्याकडे कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी रंकाळा, कोटितीर्थ परिसराचा बदलता प्रकाश अशाच चिकाटीने टिपला.

सामान

रंग नऊ पुरेत: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन, पर्मनंट रोझ, अल्ट्रामरिन ब्लू, कोबाल्ट ब्लू, व्हिरिडियन आणि बर्न्ट सिएना. काळा नको, तयार सॅप ग्रीनही नको. ट्यूबमधला हिरवा एकदा पॅलेटवर आला की हात तिकडेच वळतो आणि सगळ्या झाडांना एकच रंग लागतो. १९०५ च्या एका पत्रात मोनेंनी आपले रंग मोजून सांगितले आहेत: पांढरा, कॅडमियम यलो, व्हर्मिलियन, गडद मॅडर, कोबाल्ट आणि व्हिरिडियन. एवढ्याच सहा रंगांत त्यांची त्या काळातली चित्रे झाली.

ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचायची सवय लावा. ॲलिझरिन क्रिमसन (पीआर ८३) प्रकाशात हळूहळू उडतो. त्याऐवजी पीव्ही १९ असलेला रोझ घ्या. पांढऱ्यात झिंक व्हाइट टाळा, त्याचा थर वर्षांनी ठिसूळ होऊन तडकतो. पांढरा इतर रंगांच्या तिप्पट-चौपट लागतो, म्हणून तो मोठ्या ट्यूबमध्ये घेतलेला परवडतो.

ब्रश हॉग हेअरचे, ताठ केसांचे: फ्लॅट (चपटा, सरळ टोकाचा) ८ आणि ६ नंबर, फिल्बर्ट (चपटा, गोलसर टोकाचा) ४ नंबर, फांद्यांसाठी एक बारीक लांब केसांचा. मऊ सिंथेटिक ब्रशने जाड रंग उचलला जात नाही, तो खालचाच रंग खरवडतो. पॅलेट नाइफ लागतोच. टर्पेंटाईन झाकणाच्या बरणीत घ्या, जवसाचे तेल चित्रकलेच्या दुकानातले शुद्ध केलेले घ्या. लाकूड रंगवायचे उकळलेले तेल नको, ते लवकर पिवळे आणि काळपट पडते.

एक गोष्ट जपून करा. जवसाचे तेल लागलेली फडकी बोळा करून टाकली की वाळताना आतल्या आत तापतात आणि स्वतःहून पेट घेऊ शकतात. काम संपल्यावर ती पाण्यात बुडवा, किंवा पसरून मोकळ्या हवेत वाळत घाला.

आदल्या दिवशी

पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर पहिला रंग लावला की तो हमखास गडद वाटतो आणि पुढचा सगळा टोन चुकतो. म्हणून बर्न्ट सिएना आणि थोडा यलो ऑकर पातळ करून कॅनव्हासवर फिरवा आणि फडक्याने पुसून घ्या. पातळ चहासारखा रंग राहिला पाहिजे. तैलरंग वापरलात तर टर्पेंटाईनमध्येच पातळ करा आणि एक-दोन दिवस वाळू द्या. घाई असेल तर ॲक्रिलिक वापरा, अर्ध्या तासात तयार. तैलरंगावर ॲक्रिलिक मात्र कधीच लावू नका, ते धरत नाही. ही तांबूस भूमी नंतर हिरव्या फटकाऱ्यांच्या फटींतून डोकावते आणि हिरव्याला जिवंत करते. तांबडा आणि हिरवा पूरक रंग असल्याने शेजारी आले की दोन्ही उठून दिसतात. रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी १८३९ मध्ये हा परिणाम सविस्तर मांडला होता आणि पुढच्या चित्रकारांनी तो मनापासून वापरला.

पहिली दहा मिनिटे: ब्रश हातात न घेता

पुठ्ठ्यात ३ × ४ इंचाची खिडकी कापून घ्या. १२ × १६ चे प्रमाण तेच आहे. ती डोळ्यांसमोर धरून झाड कुठे बसवायचे ते ठरवा. खोड मध्यावर नको, क्षितिजही मध्यावर नको. खोड डावीकडून एक तृतीयांशावर आणि क्षितिज खालून एक तृतीयांशावर ठेवले, तर डावीकडे पडणाऱ्या लांब सावलीचे टोक चौकटीबाहेर जाते आणि उजवीकडे उन्हातले रान मोकळे राहते.

आता डोळे किलकिले करा. पाने नाहीशी होतात आणि चार-पाच मोठे तुकडे उरतात. वहीत काडेपेटीएवढ्या चौकटीत ते फक्त तीन टोनमध्ये काढा: उजळ, मधला, गडद. हे चिमुकले चित्र ओळखू येत नसेल तर मोठेही येणार नाही. जागा बदला, वेळ आहे तोवर.

टोनचा साधा नियम असा: आकाश सर्वात उजळ, आकाशाकडे तोंड असलेली सपाट जमीन त्याखालोखाल, डोंगराचा उतार त्याहून कमी आणि झाडासारखी उभी वस्तू सर्वात गडद. १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे पांढरा धरला तर या दृश्यात आकाश ८-९, उन्हातली जमीन ७, लांबचा डोंगर ६, झाडाची उन्हातली बाजू ५, जमिनीवरची सावली ४, झाडाची सावलीतली बाजू ३. आकडे पॅलेटच्या कडेला लिहून ठेवा. पुढे कुठलाही रंग लावताना प्रश्न एकच विचारायचा, हा कितवा?

चार ढीग

पॅलेटवर पांढरा पाच सेंटिमीटर, बाकीचे एक-दीड सेंटिमीटर काढा. नाइफने चार मोठे ढीग आधीच तयार करा. ही दहा मिनिटे पुढचा अर्धा तास वाचवतात.

आकाशाचा: पांढरा ५ भाग, कोबाल्ट १. क्षितिजाजवळ हाच ढीग बदलतो. हिवाळ्यात धुळीमुळे तिथे साईसारखा रंग असतो, म्हणून पांढऱ्या ८ भागांत ऑकर आणि रोझचा केवळ टोकभर स्पर्श.

उन्हातल्या जमिनीचा: पांढरा ३, ऑकर २, रोझ किंचित.

झाडाच्या सावलीतल्या बाजूचा: अल्ट्रामरिन २, बर्न्ट सिएना १, ऑकर १. पांढरा अजिबात नाही.

झाडाच्या उजळ बाजूचा: लेमन यलो ३, ऑकर १, अल्ट्रामरिन अर्धा, पांढरा १. आंब्याचे जून पान मुळात गडद असते. हा ढीग फार पोपटी दिसला तर व्हर्मिलियनचा एक थेंब त्याला ताळ्यावर आणतो.

चारही ढिगांचा एकेक ठिपका कॅनव्हासच्या कडेला शेजारी शेजारी लावून पाहा. डोळे किलकिले केल्यावर चार वेगळे टोन दिसायला हवेत. दोन एकमेकांत मिसळले तर दुरुस्ती आत्ताच करा.

रेखाटन आणि पहिला थर

अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना टर्पेंटाईनमध्ये पातळ करून ४ नंबरच्या ब्रशने क्षितिज, झाडाचा घेर, खोड आणि सावलीची हद्द आखा. पाने, बारीक फांद्या काही नाही. घेर गोल काढू नका. आंबा लांबून अर्धगोल वाटतो खरा, पण नीट पाहिले तर चार-पाच वेगवेगळ्या आकारांचे पर्णपुंज एकमेकांवर रेललेले असतात. त्यांतला एक मोठा, दोन मध्यम, बाकीचे लहान असे काढा. सगळे सारखे काढले तर झाडाचा कोबीचा गड्डा होतो.

आता ८ नंबरचा फ्लॅट घ्या आणि सावलीचा ढीग, थोडा पातळ करून, झाडाच्या संपूर्ण गडद भागात भरा. पाठोपाठ जमिनीवरची सावली: अल्ट्रामरिन १, रोझ अर्धा, ऑकर १, पांढरा १. ती खोडाला घट्ट जोडलेली असू द्या, नाहीतर झाड अधांतरी तरंगते. तैलरंगात गडद भाग आधी आणि पातळ लावायचे, उजळ भाग नंतर आणि जाड. पातळ थराखाली तेलकट जाड थर गेला तर वरचा आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि वरच्याला भेगा पडतात.

आकाश, डोंगर, जमीन

आकाश झाडाच्या आत थोडे घुसवत लावा आणि झाडाची कड आकाशाच्या रंगाने कापत या. झाड पुढे ओढून कड काढण्यापेक्षा आकाश आत ढकलून काढलेली कड जास्त नैसर्गिक येते. फटकारे तिरपे, आखूड, वेगवेगळ्या दिशांनी. निळ्यात कुठे किंचित गुलाबी, कुठे किंचित हिरवट निळा येऊ द्या, टोन मात्र तोच.

डोंगरासाठी पांढरा ४, अल्ट्रामरिन १, रोझ पाव, ऑकरचा स्पर्श. डोंगराची वरची कड ओल्या आकाशात थोडी मिसळली तर तो मागे जातो. कडक रेघ आली तर सह्याद्री पाच किलोमीटर पुढे येऊन झाडाच्या पाठीला टेकतो.

जमीन आडव्या फटकाऱ्यांनी. पुढे मोठे आणि जाड, मागे लहान आणि पातळ. सावलीचा रंग ही जमिनीच्याच रंगाची गडद, निळसर आवृत्ती असते, कारण सावलीत सूर्य पोचत नाही पण आकाशाचा उजेड पोचतो. म्हणून तपकिरीत काळा घालून केलेली सावली डागासारखी दिसते. खोडाजवळ सावलीची कड नेमकी, लांब जाईल तशी विरळ.

झाडावरचा प्रकाश

इथे वेळ द्या. पानांवरचा उजेड तीन प्रकारांचा असतो आणि तिन्हींचे रंग वेगळे.

थेट ऊन पडलेली पाने उबदार हिरवी, म्हणजे आपला चौथा ढीग. वरच्या बाजूची, आकाशाकडे तोंड करून असलेली चकचकीत पाने आकाश परावर्तित करतात आणि चक्क निळसर राखाडी दिसतात: पांढरा २, कोबाल्ट १, व्हिरिडियन आणि ऑकर अगदी थोडे. आंब्याच्या जून पानावर हे फार स्पष्ट दिसते आणि शिकणारे हेच सोडतात, कारण पान हिरवे असते हे डोक्यात बसलेले असते. तिसरा, पानातून आरपार येणारा उजेड. घेराच्या कडेला, ऊन मागून येते तिथे पान झगझगीत पिवळे-हिरवे पेटते. त्यासाठी लेमन यलो, व्हिरिडियनचा थेंब, व्हर्मिलियनचा त्याहून लहान थेंब, आणि पांढरा मुळीच नाही. पांढरा घातला की तो पिठूळ होतो आणि उजेड विझतो.

प्रत्येक पर्णपुंजाची उजवी-वरची बाजू ६ नंबरच्या फ्लॅटने भरा. फटकारा पुंजाच्या गोलाईच्या दिशेने, मध्यातून बाहेर. ब्रश पूर्ण भरून घ्या, टेकवा, ओढा, उचला. त्याच जागी दुसऱ्यांदा जाऊ नका. दुसऱ्या फेरीत ब्रश खालचा गडद रंग उचलतो आणि तिसऱ्यात चिखल होतो. दर दोन-तीन फटकाऱ्यांनंतर ब्रश फडक्यावर पुसा.

सावलीतल्या बाजूतही रंग आहे. खालच्या फांद्यांच्या पोटाला जमिनीवरून उसळलेला उबदार उजेड लागतो, तिथे सावलीच्या ढिगात बर्न्ट सिएना आणि ऑकर वाढवा. वरच्या सावलीत अल्ट्रामरिन आणि रोझ मिळून जांभळट छटा. व्हिरिडियन आणि रोझ मिसळून होणारा खोल, जवळजवळ काळा रंग पुंजांमधल्या खोबणींसाठी राखून ठेवा.

आता सुटे फटकारे

आत्तापर्यंतचे चित्र चार पावले मागे जाऊन पाहा. झाड, ऊन, सावली वाचता येत असतील तरच पुढे जा. सुट्या रंगांची युक्ती एका अटीवर चालते: शेजारच्या फटकाऱ्यांचा टोन सारखा ठेवून रंग बदलायचा. सावलीत ३ टोनचा हिरवा आहे ना, त्यात ३ टोनचाच जांभळा, ३ टोनचाच गडद निळा, ३ टोनचाच तांबूस टाका. लांबून ते मिसळतात आणि सावली थरथरते. तिथे ५ टोनचा पोपटी ठिपका पडला तर सावलीला भोक पडते. सावलीतला सर्वात उजळ फटकारा उन्हातल्या सर्वात गडद फटकाऱ्यापेक्षा गडदच राहिला पाहिजे. बिघडलेल्या बहुतेक झाडांचे कारण हा नियम मोडलेला असतो.

शालेय चित्रकला परीक्षांतून आलेल्यांना पोस्टर कलर सपाट आणि कडेपर्यंत भरायची सवय असते. इथे उलट करा. दोन फटकाऱ्यांत भूमीचा तांबूस रंग थोडा उघडा राहू द्या. दहा-बारा ठिकाणी पुरे.

जानेवारीत मोहोर आला तर तो ठिपक्यांनी काढायचा मोह होतो. मोहोर म्हणजे उजळ बाजूच्या हिरव्यात ऑकर, पांढरा आणि रोझ मिसळून आलेला एक धुरकट पट्टा आहे. तो तसाच लावा.

खिडक्या, खोड, कवडसे

पानांतून दिसणाऱ्या आकाशाच्या खिडक्या मोकळ्या आकाशापेक्षा एक टोन गडद ठेवा. लहान फटीभोवतीची पाने आणि काटक्या तिथला उजेड खातात. शुद्ध आकाशाचा रंग लावला तर खिडक्या पानांच्या पुढे येऊन चांदण्यांसारख्या चमकतात. पाच-सात पुरेत, लहान-मोठ्या, आणि ओळीत नकोत.

फांद्या खिडक्यांतूनच दिसतात. बाकी ठिकाणी त्या पानांमागे जातात, म्हणून तुटक काढा. खोड तपकिरी नसते. ऊन पडलेली बाजू राखी-ऑकर, सावलीची जांभळट राखी, आणि बुंध्याशी ते रुंद होऊन मातीत उतरते. बुंधा आणि माती यांच्यातली कड एक-दोन जागी पुसून टाका.

झाडाखालच्या कवडशांकडे नीट पाहा. पानांतल्या फटी वेड्यावाकड्या असल्या तरी कवडसे गोल किंवा लंबगोल पडतात, कारण प्रत्येक कवडसा ही सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणात तेच कवडसे चंद्रकोरीच्या आकाराचे होतात. चित्रकार रेन्वार यांच्या १८७६ च्या ‘मूलँ द ला गॅलेत’ मध्ये माणसांच्या कपड्यांवर असेच कवडसे सांडलेले आहेत. आडव्या जमिनीवर ते चपटे लंबगोल करा. टोन ६, उन्हातल्या जमिनीपेक्षा किंचित कमी.

शेवटी सर्वात उजळ, सर्वात जाड रंगाचे पाच-सहा फटकारे, जिथे नजर थांबावी असे वाटते तिथेच. इथे ब्रश खाली ठेवा.

काय बिघडते

चित्र घरी आणल्यावर काळपट दिसते. रंगवताना कॅनव्हासवर थेट ऊन होते, त्यामुळे सगळे उजळ वाटले आणि हात गडद लागला. कॅनव्हास आणि पॅलेट दोन्ही सावलीत हवेत. छत्री पांढरी किंवा काळी घ्या, रंगीत छत्रीचा रंग चित्रात उतरतो. लाल किंवा भडक सदराही ओल्या रंगावर परावर्तित होतो.

सगळे पिठूळ दिसते: उजळ करायला प्रत्येक वेळी पांढरा वापरला. उन्हाच्या हिरव्याला आधी लेमन यलोने उजळ करा.

ओल्यावर ओला रंग बसत नाही, घसरतो: खालचा थर जाड झाला. नाइफने तेवढा भाग खरवडा, फडक्याने टिपा, पुन्हा एकदाच लावा. खरवडण्यात काही कमीपणा नाही.

फोटोवरून रंगवताना लक्षात ठेवा की मोबाइल सावल्या काळ्या आणि आकाश पांढरे करतो. फोटो आकारासाठी वापरा, टोनचे आकडे मात्र जागेवर टिपलेले हवेत.

वाळवणे

बर्न्ट सिएना दोन-तीन दिवसांत हाताला कोरडा लागतो, टायटॅनियम व्हाइट आणि रोझला आठवडा किंवा जास्त लागतो. चित्र अंधाऱ्या कपाटात वाळवू नका, जवसाचे तेल अंधारात पिवळे पडते. उजेडाच्या, हवेशीर खोलीत भिंतीपासून थोडे दूर ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात सुती कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते, तेव्हा मागची बाजू अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा. व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने.

ब्रश आधी फडक्याला पुसा, मग टर्पेंटाईन, मग साबण आणि कोमट पाणी, फेस पांढरा येईपर्यंत. बरणीत डोक्यावर उभे ठेवलेले ब्रश कायमचे वाकतात.

कॅनव्हासच्या मागे पेन्सिलीने लिहा: तारीख, वेळ, दिशा, आकाश कसे होते. उद्या त्याच जागी, त्याच वेळी हाच कॅनव्हास पुढे नेता येईल. दहानंतरच्या आखूड सावलीसाठी दुसरा कॅनव्हास तयार ठेवा.